कच्च्या रंगावरचं कुंकू

दादा,

येत्या रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे आणि साहेबांनी त्यांच्या गाडीतली शेजारची सीट मला देऊ केली आहे. तुझी सीट.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. म्हणाले, "किरण, गाडीला दोनच सीट. एकीवर मी, दुसरीवर सुनील बसणार होता. आता तू बस." मी म्हणालो, "आईला विचारून सांगतो." वीस वर्षांचा मुलगा गाडीत बसायला आईची परवानगी काढतो, हे ऐकून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला फक्त वेळ हवा होता. त्या सीटची मला जेवढी हाव होती तेवढी कशाचीच कधी नव्हती. आणि गेल्या वर्षी त्या सीटवर तू बसू शकला नाहीस, ते माझ्यामुळे. यातलं पहिलं तुला माहीत असेल. दुसरं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तू लोकांना सांगायचास, "आमचा इंजिनियर एका बैठकीत पुरवण्यांवर पुरवण्या भरतो." परीक्षेत पुरवणी भरणं सोपं असतं दादा. प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. आज दसऱ्याची दुपार आहे, गॅरेजात तुझ्याच स्टुलावर बसून लिहितोय, आणि पहिल्या पानावरच तीनदा खोडलंय.

गाड्यांपासून सुरुवात करतो, कारण आपली भांडणं तिथूनच सुरू व्हायची.

साहेबांकडे दोन गाड्या. एक इंग्लंडमध्ये बनलेली, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. छप्पर कापडाचं, चाकांना सायकलसारख्या तारा, आणि लांब नाकासारखं बॉनेट, जे मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना पंखांसारखं उघडतं. तिला तू 'बाई' म्हणायचास. दुसरी पिवळीजर्द अमेरिकन मसल कार, अलीकडची, रुंद खांद्यांची, चालू केली की शेजारच्या शेडचे पत्रे थरथरायचे. तो 'पैलवान'. पैलवान साहेबांनी नवा घेतला होता. बाई त्यांना विंचूरच्या एका कांद्याच्या शेडमध्ये सापडली, बारदानाच्या ढिगाखाली. टेम्पोवर घालून तुझ्याकडे आणली तेव्हा तिच्या पत्र्याला इतकी भोकं होती की तू आत बल्ब पेटवलास तर भिंतीवर चांदणं पडलं. मी म्हणालो, "हे भंगार आहे." तू म्हणालास, "भंगार तर मीबी होतो नववीत."

वडील गेले तेव्हा तू नववीत होतास आणि मी बालवाडीच्या वयाचा. आई मखमलाबादला दुसऱ्यांच्या वावरात फुलं तोडायची आणि पंचवटीच्या फुलबाजारात विकायला बसायची. तू शाळा सोडलीस आणि पाथर्डी फाट्याजवळ एका गॅरेजात पत्रा ठोकायला लागलास, पुढे तिथेच स्वतःची शेड घेतलीस. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लोक मला विचारायचे, "पुढं काय करणार?" तुला कुणी असं विचारायचं नाही. तुझ्याकडे ते ठोकलेल्या गाड्या घेऊन यायचे.

कौतुक माझं व्हायचं आणि भरवसा तुझ्यावर असायचा. मला दोन्ही हवं होतं.

पहिल्या वर्षाचा तो वर्कशॉपचा जॉब आठवतो? लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे होते. माझे काही केल्या बसेनात. मी ते चोरून घरी आणले. तू अर्ध्या तासात असे बसवलेस की उजेडासमोर धरले तरी फट दिसेना. सरांनी ते हातात फिरवले, माझ्या बोटांकडे एकदा बघितलं आणि पंचवीसपैकी बावीस दिले. मी आनंदाने तुला सांगायला आलो तर तुझा चेहराच पडला.

"तीन कशाचे कापले?"

"अरे दादा, सरांना संशय आला असेल."

"संशय तुझ्यावर ना? मग जॉबचे का कापले? जा, विचारून ये."

"कसं विचारू? जॉब तू केलायस."

"म्हणूनच इचार ना!"

महिनाभर तू जेवताना मध्येच थांबून म्हणायचास, "तीन कशाचे?" आई हसून हसून बेजार. मीही हसायचो. पण ते तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत, आणि ते हातात घेतले की आजही मला आधी हेवा वाटतो, मग तुझी आठवण येते. क्रम उलटा असायला हवा हे मला कळतं.

बाई दोन वर्षं तुझ्याकडे होती. पोटापाण्याची कामं संपली की तू तिच्याकडे वळायचास. आतून डॉली धरायची, म्हणजे तो मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, आणि बाहेरून हातोडी. टक टक टक. नंतर पत्रा उलटा करून आतून तशीच. पुट्टी थापून गुळगुळीत करणाऱ्यांचा तुला राग. "पुट्टी म्हंजे थाप मारणं," म्हणायचास. मी कॉलेजातून थेट गॅरेजवर यायचो, दिवसभरात काय झालं ते सांगायला लागायचो, आणि तू "हं, हं" करत तिच्याकडे बघत असायचास. दोन वर्षं तू माझ्यापेक्षा त्या गाडीशी जास्त बोललास. गाडीचा मत्सर करतो हे कुणाला सांगायचं? म्हणून मी पैलवानाची बाजू घेतली.

एकदा तर वहीत तक्ताच आखून आणला. डाव्या रकान्यात बाई, उजव्यात पैलवान. ताकद: बाई पन्नासेक घोड्यांची, पैलवान साडेचारशेच्या वर. उभ्या गाडीने शंभरचा वेग गाठायला पैलवानाला साडेचार सेकंद. बाईपुढे मी लिहिलं होतं, 'गाठल्यास'.

तू पत्र्यावरची नजर काढली नाहीस. "आणि नाशकात शून्य ते शंभर करणार कुठं? मुंबई नाक्याच्या सिग्नलला?"

"मुद्दा तो नाही, दादा. तांत्रिकदृष्ट्या पैलवान श्रेष्ठ आहे."

"मग तांत्रिकदृष्ट्या अजून एक रकाना वाढव. बिघडल्यावर कोण येतं?"

"कंपनीचा माणूस. लॅपटॉप लावतो, बिघाड स्क्रीनवर दिसतो."

"बघ. तो लॅपटॉपला इचारतो. मी हिलाच इचारतो."

आणि तू डोळे मिटून तळवा बॉनेटवर ठेवलास, हळूहळू फिरवलास, आई कपाळावर हात ठेवून ताप बघते तसा. पत्रा सरळ आला की नाही हे डोळ्यांना फसवतं, तळव्याला फसवत नाही, असं तुझं म्हणणं. तू चहा आणायला गेलास तेव्हा मीही डोळे मिटून तळवा ठेवून बघितला. मला पत्रा थंड लागला, एवढंच.

मग तो वणीच्या रस्त्यावरचा दिवस. रंग द्यायच्या आधी बाईला एकदा चालवून बघायचं ठरलं. ती नुसत्या राखाडी प्रायमरवर होती. साहेब आणि तू तिच्यात, मागून मी आणि साहेबांचे ड्रायव्हर काका पैलवानात. मला त्या सीटचं केवढं अप्रूप होतं! सीटमधूनच पाठीला थंड हवा लागत होती, समोर पडद्यावर आकडे नाचत होते. पहिला गतिरोधक आला. काकांनी गाडी तिरकी घातली, तरी पोटाखाली खर्रर्र झालं. काका म्हणाले, "एवढा मोठा गडी, पण उठाबशांना कच्चा." पुढे बाई मात्र टुणटुण उड्या मारत जात होती. प्रत्येक उडीला तुझं डोकं वर यायचं आणि तू हसत साहेबांना काहीतरी सांगायचास. काय सांगत होतास ते मला ऐकू येत नव्हतं, माझी काच बंद होती. साडेचारशे घोड्यांत बसून मी चाळीसच्या वेगाने तुमच्या मागे मागे येत होतो.

दिंडोरीच्या पुढे मोकळा रस्ता लागला तेव्हा काकांनी एकदाच पाय दाबला. खरं सांगतो दादा, तसं काही मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. पाठ सीटला चिकटली, तो आवाज कानांना नाही, बरगड्यांना ऐकू आला. आम्ही तुमच्या बाजूने सुटलो. क्षणभर मी सगळं विसरलो. आणि पुढच्याच क्षणी मागे वळून बघितलं, तू बघितलंस का ते. तू साहेबांना रेडिएटरच्या काट्याकडे बोट करून काही दाखवत होतास.

चहाला थांबलो तिथे पोरांनी पैलवानाभोवती गर्दी केली, मोबाइल काढले. बाईजवळ एक टोपीवाले आजोबा आले. "हिला पुढून दांडा फिरवूनशान चालू करत्यात का?"

तू म्हणालास, "नाय बाबा, बटण हे. पण दाबायच्या आधी हात जोडावे लागत्यात."

साहेब खदाखदा हसले, तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रॅलीत माझ्या शेजारी सुनीलच बसणार. ठरलं."

मी हसत हसतच विचारलं, "आणि मी, साहेब?"

"अरे, दोनच सीट आहेत रे. तुला पैलवानात फिरवतो की."

सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस. माझ्याकडे बघत होतास.

आता दसरा. गेल्या वर्षीचा.

बाईला क्रीम रंग देऊन चार दिवस झाले होते. साहेबांच्या हट्टासाठी तू जुन्या पद्धतीचा रंग मारला होतास. तो वरून वाळलेला दिसतो, आत कच्चाच असतो. रॅली पुढच्याच रविवारी. दसऱ्याला दोन्ही गाड्यांची पूजा गॅरेजवर करायची म्हणून तू सकाळी पैलवानाला आणायला साहेबांच्या बंगल्यावर निघालास. जाताना मला सांगितलंस, "हातोड्यांना लाव, कंप्रेसरला लाव. बाईच्या फक्त काचेवर बोट टेकव. बॉनेटला हात लावू नको, रंग कच्चा हे."

दर दसऱ्याला आई बाजारातून परतताना गॅरेजवर यायची, झेंडू ठेवायची, तुझ्या हत्यारांना स्वतः कुंकू लावायची. त्या दिवशी मी बाजारात तिला भेटलो तेव्हा तिचा बराच माल उरला होता. म्हणून तिने फुलांची टोपली माझ्याकडेच दिली.

मी हातोड्यांना कुंकू लावलं. डॉलीला लावलं. कंप्रेसरला लावलं. मग बाईसमोर उभा राहिलो. ती इतकी सुंदर दिसत होती. दारातून आलेलं ऊन तिच्या बॉनेटवर सायीसारखं पसरलं होतं आणि त्यात माझा चेहरा दिसत होता. कुंकू मी पाण्यात कालवलं होतं. काचेवर एक बोट टेकवायचं, एवढंच काम होतं.

मी बॉनेटच्या डाव्या पंखावर मोठं स्वस्तिक काढलं. चार ठिपक्यांसकट. अजिबात घाई केली नाही.

मी विसरलो, गोंधळलो, असं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. मी विसरलो नव्हतो, दादा. काढताना तुझं वाक्य कानात स्पष्ट होतं.

थोड्या वेळाने भीती वाटली. फडकं घेऊन पुसायला गेलो. कुंकू निघालं, स्वस्तिक राहिलं. क्रीम रंगात गुलाबी, कडा फुटलेलं.

तू आलास, पैलवान बंद केलास, आत आलास. ओरडला नाहीस. नुसता बाईसमोर उकिडवा बसलास. तुझ्या मागे झेंडूची टोपली होती. वळल्यावर ती दिसली तेव्हा विचारलंस, "आई येऊन गेली का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"तिला काय माहीत बिचारीला," तू म्हणालास. "तिला काही बोलू नको बरं का. सणाचा दिस हे."

आणि खिशातून फोन काढून साहेबांना म्हणालास, "साहेब, माझ्या हातून चूक झाली." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला एक वाक्य पुरलं असतं.

तू त्याच दुपारी वरून एक हात मारलास, पण सकाळी गुलाबी वर आलं होतं. लाल रंग असाच, दाबला की वर येतो. पत्र्यापर्यंत घासून नव्याने करणं आलं. रॅली गेली. साहेब गॅरेजवर आले आणि माझ्यासमोर म्हणाले, "दोन वर्षं धीर धरलास सुनील, आणि चार दिवस धरवला नाही?" तू म्हणालास, "पुढल्या वर्षी बसू की साहेब." नंतर वर्षभर ते भेटले की टोमणा मारायचे, "काय सुनीलराव, कुंकू लावू का?" आणि तू हसायचास.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या हातात पाणीपेपर दिलास. "घे इंजिनियर. घास."

बाईला हात लावायला तू मला कधी दिलं नव्हतंस. चार संध्याकाळी मी तो डावा पंख घासला. पाणी मारायचं, घासायचं, पुसायचं. तू समोर बसून पैलवानाच्या चाकांवर फडकं मारत असायचास. मी म्हणायचो, "झालं." तू उठून तळवा फिरवायचास आणि म्हणायचास, "अजून हाताला लागतंय." मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. परत घासायचो. बोटांची कातडी सोलली. तिसऱ्या संध्याकाळी मी डोळे मिटून हात फिरवला आणि एका जागी थांबलो. केसाएवढी कड होती, जुना रंग संपून पत्रा सुरू होत होता तिथली. "इथं," मी म्हणालो. तू येऊन त्याच जागी बोट ठेवलंस. "आरं, घावलं की तुला!" इतका खूश झालास की भेळ आणलीस.

मला वाटलं, हाताखाली माणूस नव्हता म्हणून मला बसवलंस. आणि लाज वाटते सांगायला, त्या चार संध्याकाळी मी सुखात होतो. माझा मत्सर तेवढ्यापुरता निवला होता, आणि तोही मी केलेल्या नासधुशीच्या जोरावर.

या वर्षी गणपती उठले आणि तुला ताप आला. दवाखान्यातही आपलं तेच चालू होतं. सलाइन लावलेल्या हाताने तू मला जवळ बोलावलंस, मला वाटलं काही महत्त्वाचं असेल.

"पैलवानाच्या दोन गोष्टी मला मान्य हेत."

"कोणत्या?"

"एक, ब्रेक. बाईला थांबवायचं तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं."

"आणि दुसरी?"

तू डोळे मिटलेस. "घरी गेल्यावर सांगतो. सगळं आजच मान्य केलं तर डोक्यावर बसशील."

दुसरी कोणती, दादा? मी रोज एक ठरवतो आणि रोज खोडतो. आवाज म्हणावं तर तुला तो आवडत नव्हता. वेग तर नाहीच. एकदा वाटलं, पैलवानाला मागे दोन सीट आहेत, ते असेल. मग वाटलं, हे मला हवंय म्हणून मी तुझ्या तोंडी घालतोय.

तेराव्याला केवढी माणसं आली होती. प्रत्येकाकडे तुझी एक गोष्ट. कुणाचा दरवाजा तू घाटात जाऊन बसवला होतास, कुणाच्या पहिल्या गाडीचा डाग तू काही न बोलता काढून दिला होतास. साहेब कोपऱ्यात बसून रडत होते. मी सगळ्यांना पाणी देत फिरत होतो आणि मनात म्हणत होतो, यांच्याकडे एवढा दादा कुठून आला? एवढा तर माझ्याकडेही नाही.

काल संध्याकाळी आई माळा ओवत होती. यंदा आपल्या दाराला तोरण नाही, पण लोकांच्या दारांना लागतंच. मी तिच्या समोर बसून देठ खुडून देत होतो. शेवटी धीर करून विचारलं, "आई, मागच्या दसऱ्याला दादा तुला काही बोलला होता का?"

"कशाबद्दल?"

"गाडीबद्दल."

"नाय बा." तिने दोन फुलं ओवली. "हां, एक इचारलं होतं जेवताना. म्हणे, आई, सकाळी गॅरेजवर आलती का? म्हटलं कशी येणार, दोन वाजेस्तोवर तर बाजारात बसलेली. फुलं किरणजवळच दिली होती."

"मग?"

"मग काय? बरं, म्हणाला. आन् अजून एक पुरणपोळी मागितली. का रे?"

मी म्हणालो, "काही नाही."

त्याच दिवसापासून तुला माहीत होतं. पाणीपेपर तू मला दुसऱ्या दिवशी दिलास. "अजून हाताला लागतंय" असं तू चार दिवस म्हणत होतास, आणि मी घासत होतो. पुढे अख्खं वर्ष साहेबांचे टोमणे ऐकून हसत होतास, माझ्यासमोर, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोललो असतो. की मी बोलावं म्हणून वाट बघत होतास?

आता याचाही हेवा वाटतो मला. मोठा तू, हात तुझे, माफ करून मोकळा झालेलाही तूच. माझ्या वाट्याला माफी मागणंसुद्धा ठेवलं नाहीस.

रात्री अंथरुणावर एक गोष्ट आठवली. एकदा मी गॅरेजवर आलो तेव्हा तू माझं कॉलेजचं आय-कार्ड गळ्यात घालून, एका गाडीच्या काढून ठेवलेल्या आरशात बघत होतास. मला बघून घाईने काढलंस. म्हणालास, "दोरी मळलीय, धुवायला पाहिजे." मी हसलो होतो. तुलाही माझा हेवा वाटत होता का, दादा? वाटत असेल तर तू त्याचं काय केलंस? तू दोरी धुऊन आणलीस. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दप्तरावर वाळत होती.

आज सकाळी साहेब बाईला घेऊन आले. आई म्हणाली होती, "आपल्याला यंदा सण नाही, पण गाडी त्यांची, सण त्यांचा. त्यांना नाय म्हणू नको." साहेबांनी कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "मग, रविवारी येतोयस ना?"

मी म्हणालो, "साहेब, मागच्या वर्षी कुंकू मी लावलं होतं. दादाने नाही."

"तू? चुकून?"

"नाही. लावू नको म्हणून तो सांगून गेला होता. तरी लावलं."

"का?"

"दोनच सीट होत्या म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "वर्षभर मी त्याला ऐकवत होतो रे," ते म्हणाले. "आणि तो हसायचा."

"हो."

"त्याला ठाऊक होतं?"

"हो. मला काल कळलं."

साहेब गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "रविवारी मी एकटाच जातो, किरण."

"हो साहेब."

"पूजा मात्र कर. गॅरेज सुनीलचं आहे, इथे दुसऱ्या कुणी करायची नाही."

मी डाव्या बाजूची कडी काढली आणि तो पंख उघडला. बाहेरून तो आरसा आहे. आतून मी कधी नीट बघितलाच नव्हता. आत तू क्रीम रंग दिलेला नाहीस, नुसतं पातळ प्रायमर आहे, आणि त्याखाली तुझ्या हातोडीचे ठसे. शेकडो, दाटीवाटीने, नखाच्या चंद्राएवढे. दोन वर्षं मी कॉलेजातलं काहीबाही सांगत असताना तू "हं, हं" करत मारलेले. तिच्यात तू सगळीकडे आहेस. माझा हेवा गेलेला नाही दादा, खोटं कशाला सांगू.

तळवा ठेवला. गाडी नुकतीच चालून आली होती, पत्रा कोमट होता.

मी बोट कुंकवात बुडवलं आणि त्या ठशांवर स्वस्तिक काढायला लागलो. साहेब म्हणाले, "अरे, डाग राहील तो."

"राहू द्या साहेब. आतून आहे."

चारही ठिपके दिले. पंख मिटला, कडी लावली. साहेबांनी गाडी चालू करायच्या आधी मी डोळे मिटून बाहेरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एकदम गुळगुळीत आहे.

मला अजून लागतंय, दादा.